करिंथचं तंबूचं दुकान: पंचेचाळीस मिनिटांची एकांकिका बसवताना

सुरुवातीच्या ख्रिस्ती माणसांवर नाटक लिहायला घेतलं की बहुतेक संहिता ख्रिस्ताचा प्रचार करत फिरणाऱ्या प्रेषित पौलाच्या भाषणांत अडकतात आणि दहाव्या मिनिटाला प्रवचन सुरू होतं. त्यापेक्षा बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय घ्या. रोमन बादशहा क्लौद्य यानं यहुद्यांना रोममधून घालवलं, साधारण सन 49 मध्ये. त्यांतलं जोडपं अक्विला आणि प्रिस्किल्ला ग्रीसमधल्या करिंथ शहरात येऊन तंबूचा धंदा करू लागले, पौल त्यांच्याच घरी राहून तेच काम करू लागला. पुढे रोमन प्रांताधिकारी गल्लियोसमोर पौलावर खटला. ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखावरून गल्लियोचा कार्यकाळ सन 51-52च्या आसपास ठरतो, त्यामुळे काळ पक्का धरता येतो. नट सात पुरतात: हे तिघं, सभास्थानाचे (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाचे) दोन अधिकारी क्रिस्प आणि सोस्थनेस, गल्लियो, एक शिपाई. गर्दीला चार जण वेगळे.

संहितेत एक पथ्य पाळा. खटल्यात पौल बोलायला तोंड उघडतो आणि गल्लियो त्याला बोलूच देत नाही, तुमच्या धर्मशास्त्राचा वाद तुम्हीच मिटवा म्हणून सगळ्यांना हाकलतो. इथे पौलाला भाषण द्यायचा मोह आवरा, प्रसंगाची धार तिथेच आहे. नंतर सोस्थनेसला मार बसतो. मारणारे कोण, यावर जुन्या हस्तलिखितांत फरक आहे: काहींत ग्रीक, काहींत नुसतं ‘सगळे’. इथे लेखकाला मोकळीक आहे. मात्र यहुदी खलनायक आणि ख्रिस्ती सज्जन अशी वाटणी करू नका. पौल, अक्विला, क्रिस्प सगळे यहुदीच आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कपडे सारखेच ठेवा. भाषा बाजारातली हवी, पवित्रशास्त्राच्या जुन्या भाषांतरातली नको. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची बोली वापरायची तर ती घरात बोलणाऱ्या नटालाच द्या, नाहीतर थट्टा होते.

आता दुकान. नेपथ्यात क्रूस, बाकं, घंटा काही नको. त्या काळी मंडळी घरांत जमत, आणि क्रूस हे उघड चिन्ह म्हणून रूढ व्हायला चौथं शतक उजाडलं. एक कामाचं टेबल, दोन स्टूल, गोणपाटाचे चार बाय सहा फुटांचे चार तुकडे आणि कोऱ्या कापडाचे गठ्ठे पुरेत. हे तुकडे एकांकिकाभर जोडत न्यायचे. अर्धी शिवण आधीच घालून ठेवा, नाहीतर शेवटच्या प्रवेशापर्यंत तंबू काही होत नाही. दाभण खरं वापरा, पण टोक कानसीनं बोथट करा. सुतळीला मेण लावा आणि एका वेळी मीटरभरच तोडा, लांब दोऱ्याला गाठी पडतात. सगळ्यात मोठी अडचण आवाजाची: शिवताना मान खाली जाते आणि संवाद टेबलातच जिरतो. म्हणून महत्त्वाची वाक्यं दोरा वर ओढतानाच्या क्षणावर टाका, तेव्हा चेहरा आपोआप प्रेक्षकांकडे येतो. ही गोष्ट तालमीच्या पहिल्या दिवसापासून हातात सामान देऊनच बसवावी लागते, रंगीत तालमीत जमत नाही.

अंगरख्यासाठी माणशी अडीच मीटर मांजरपाट, 45 इंच पन्हा. रात्रभर भिजवून आटवून घ्या, मग चहाच्या पाण्यात किंवा काताच्या रंगात बुडवा. दोन आयतं खांद्यावर आणि बाजूंना शिवा, गुडघ्याखाली चिरा ठेवा, नाहीतर पायऱ्या चढताना नट अडखळतो. सॅटिन आणि चकाकणारा पॉलिस्टर टाळा. दिव्यांखाली तो चमकतो आणि नाताळच्या झाँकीसारखा दिसतो. गल्लियोच्या टोग्याला (रोमन पुरुषांचं अंगावर गुंडाळायचं वस्त्र) जांभळ्या काठाचं पांढरं सुती कापड, साडेपाच मीटर. डाव्या खांद्यावरून घ्या, उजवा हात मोकळा, आणि खांद्यावर आतून टाका घाला.

न्यायासनाला तीन फुटांची लेव्हल, म्हणजे उंच लाकडी चौथरा, पायऱ्या प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला. दुकानाला एका बाजूनं पिवळसर प्रकाश, न्यायासनावर वरून पांढरा. तेलाचे दिवे एलईडीचे ठेवा, गोणपाट आणि उघडी ज्योत एकत्र नकोत. मार खाण्याचा प्रसंग गर्दीच्या पाठींआड करा, गल्लियो मात्र दिसत राहू द्या, कारण त्याचं लक्षच नसणं हा प्रसंग आहे.

वाचनाला 35 मिनिटं लागली तर प्रयोग 45 वर जातो, त्यापुढे गेलात तर कापा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, लवकर पाठवा आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर संवाद बदलू नका. ठाण्याचं गडकरी रंगायतन किंवा घाणेकर, वाशीचं भावे, कुठल्याही नाट्यगृहात वेळ मोजकाच मिळतो. म्हणून लेव्हल अशी करा की दोन माणसं ती जिन्यावरून उचलू शकतील, आणि तालमीच्या हॉलमध्ये रंगमंचाचं माप चिकटपट्टीनं आखून घ्या.