जुनी गिटार ओळखायची कशी, आणि तडकलेली सांधायची कशी

मी जळगावात पेट्या दुरुस्त करतो, म्हणजे हार्मोनियम. गिटारी येतात त्या बहुतेक भुसावळकडून: रेल्वे क्वार्टरच्या माळ्यावर नाहीतर कपाटामागे वर्षानुवर्षं पडलेल्या. आणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, हाई कितली जुनी शे?" आणि दुसरा, पॉलिशला किती पडतील. पॉलिशचं सगळ्यात शेवटी बघू.

तारा ढिल्या करा आणि मोबाइलचा टॉर्च लावून भोकातून आत बघा. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा मिळाला तर फारच बरं. चिठ्ठी चिकटवलेली असेल तर तिचा आधी फोटो काढा. पुसायला जाऊ नका, शाई लगेच जाते. आपल्याकडे सर्वांत जास्त निघतात त्या कोलकात्याच्या. गिव्हसन, हॉबनर ही नावं वाचून नामांकित परदेशी 'गिब्सन', 'हॉफनर' हाती लागली म्हणून नाचू नका, एका अक्षराचा फरक आहे. यामाहा असेल आणि चिठ्ठीवर 'निप्पॉन गाक्की' लिहिलं असेल, तर ती 1987 च्या आधीची, कारण त्या वर्षी कंपनीनं नावच बदललं. लाल चिठ्ठीची एफजी-180 निघाली 1966 मध्ये; तसली घरात असेल तर जपून ठेवा. मार्टिन कंपनीच्या गिटारीचा नंबर आत, नेकच्या (म्हणजे गिटारीच्या मानेच्या) ठोकळ्यावर ठोकलेला असतो. ती नंबरांची मालिका 1898 मध्ये 8000 पासून सुरू झाली आणि पुढचा तक्ता सहज मिळतो. माझ्या टेबलावर मार्टिन अजून आलेली नाही. तुमच्याकडे असेल तर कशालाही हात न लावता मुंबईच्या चांगल्या कारागिराला दाखवा.

नावापेक्षा लाकूड जास्त खरं सांगतं. भोकाच्या कडेला नीट बघा. वरच्या फळीवरच्या रेषा कडेच्या जाडीतही तशाच खाली उतरत असतील तर अख्खं लाकूड. थर दिसले तर प्लाय. प्लाय सहसा तडकत नाही, तिचे थर सुटतात. अख्खी फळी आपल्या मे महिन्यात हमखास तडकते. पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा लाकडातलं पाणी ओढून घेते, फळी आकसते, पण आतल्या आडव्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मग ती फाटते, बहुतेक वेळा ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात त्या पट्टीच्या, मागे.

इथे घाई नडते. भेग दिसली की लोक लाकडाचा भुसा आणि डिंक भरून मोकळे होतात. पावसाळ्यात फळी फुगते, भरलेला भाग जागा सोडत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. आधी लाकडाला पाणी परत द्या. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, डबी गिटारीत सोडा आणि गिटार मोठ्या पिशवीत बांधा. थेंब टपकता कामा नये. सोबत हवेतला ओलावा मोजणारा स्वस्तातला हायग्रोमीटर ठेवा आणि आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू द्या. आठवड्याभरात पुष्कळशा भेगा आपोआप मिटतात. मिटलेल्या भेगेत सरस बोटानं चोळून जिरवा, आतून पातळ लाकडाच्या छोट्या चकत्या लावा. चकतीचे रेषे भेगेला आडवे हवेत, नाहीतर चकतीही त्याच ओळीत फाटेल. हे काम दिवाळीच्या सुमारास करावं, तेव्हा हवा ना ओली ना सुकी.

सरस म्हणजे सुतारांचा जुनाच, जनावरांच्या कातड्या-हाडांचा. रात्री भिजवायचा, सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. साठ अंशांच्या वर नेला की ताकद जाते. उद्या कोणाला पुन्हा खोलायचं झालं तर तो उष्णतेनं आणि ओलाव्यानं सुटतो. इपॉक्सी सुटत नाही, म्हणून मी वापरत नाही. पण हाच गुण उन्हात उलटतो: सरसानं जोडलेली गिटार दुपारी बंद गाडीत ठेवली की ब्रिज उचललाच समजा.

ब्रिज तपासायला मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सारून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय. त्यावरचे मोत्याचे ठिपके नुसते शोभेचे असतीलच असं नाही, खाली बोल्ट लपलेले असतात. ते न काढता सुरी घालाल तर वरची फळी सोलून निघेल. ब्रिज गरम करून काढा, जुना सरस खरवडा, नवा लावून क्लॅम्पमध्ये दिवसभर राहू द्या.

मग लांब पट्टी फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या तारांवर) ठेवून ब्रिजपर्यंत न्या. ती ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला टेकली तर नेक ठीक. बरीच खाली आदळली तर नेकचा कोन गेला. तो बसवायचा म्हणजे नेक सोडवून पुन्हा जोडणं, आणि ते साध्या गिटारीला परवडत नाही. तिथे मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, भिंतीवर लावा. तारा ताणायच्या चाव्यांना थेंबभर तेल पुरतं.

आता पॉलिश. नेक जिथं संपतो तिथं, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा थेंब कापसानं लावा. चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, जुनं पॉलिश आहे. त्याच्यावर नवा हात चढतो. काही झालं नाही तर ओल्या फडक्यानं पुसा आणि सोडून द्या. घासून नवं करू नका, किंमत उतरते आणि आवाजही काही सुधारत नाही.

तारा चढवताना ब्रिज बघा. तारा अडकवायच्या पिना नसून गाठ मारायची सोय असेल तर फक्त नायलॉनच्या. स्टीलच्या लावल्यात तर ब्रिज उखडेल. पिना असतील तरी दहा नंबरच्या, म्हणजे पातळ तारांच्या, सेटपासून सुरुवात करा, कारण बारा नंबरचा सेट सुरात आला की एकूण ओढ सत्तर किलोच्या वर जाते. गिटार पश्चिमेच्या भिंतीवर नको, कूलरसमोरही नको. पहिले चार दिवस रोज तोच कागदाचा तुकडा ब्रिजखाली सारून बघा. आत जायला लागला तर तारा उतरवा आणि ब्रिज पुन्हा खोला.