जीएसटी नंबर काढताना या चुका टाळा, आधी घरातले कागद बघा

वरूड तालुक्यातल्या एका गावात माझं ठिबकच्या नळ्या अन् मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जीएसटीसाठीचा माझा पहिला अर्ज फेटाळला गेला. आता आसपासच्या गावांतली पोरं धंदा टाकताना विचारायला येतात, म्हणून हे लिहितो आहे.

अर्जावर शंका काढणारी नोटीस निघाली होती, पण ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही. अर्ज भरून देणाऱ्याने त्यात स्वतःचाच मोबाइल नंबर आणि मेल टाकला होता. अशा नोटिशीला कामाच्या ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते दिवस कधी उलटले ते मला कळलंही नाही. अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, त्याची मजुरी द्या, पण मोबाइल आणि मेल तुमचाच टाकायला लावा, आणि समोर बसून ओटीपी स्वतः सांगा. सरकारी फी मात्र एक रुपयाही नाही. कोणी "सरकारी चलन" म्हणून पैसे मागितले तर पावती मागा.

नोटीस होती जागेच्या पुराव्याबद्दल. खेड्यात सगळ्यात जास्त अर्ज इथंच अडकताना मी पाहतो. दुकानाचा मीटर माझ्या आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली. मी तेच लाइटबिल जोडलं होतं. दुसऱ्या वेळी ग्रामपंचायतीतून वडिलांच्या नावाचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) काढला, चालू वर्षाची घरटॅक्स पावती घेतली आणि वडिलांचं संमतीपत्र जोडलं. वडील म्हणाले, "आपल्याच घराले संमतीपत्र कायले पायजे?" पाहिजेच, कारण कागदावर घर त्यांचं आहे आणि धंदा माझा. सातबारा जोडून भागेल असं समजू नका, गावठाणातल्या दुकानाचा तो पुरावा नाही. कागद नीट स्कॅन करा. खाटेवर ठेवून काढलेल्या फोटोत कोपरा कापला जातो, आणि नेमका शिक्का त्याच कोपऱ्यात असतो.

मग नावाचा घोळ. पॅनवर वानखडे, आधारवर वानखेडे. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. लग्नानंतर आधार बदललं, पॅन माहेरच्याच नावाचं. अर्ज पॅनवरच उभा असतो. मिळणारा १५ अक्षरांचा नंबर बघा: सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची १० अक्षरं म्हणजे तुमचं पॅन. म्हणून आधी पॅन-आधार जुळवा, मगच अर्जाला हात लावा. आधारला जोडलेलं सिमही चालू हवं, कारण आधारचा ओटीपी त्याच्यावरच येतो. अर्धवट अर्ज १५ दिवसच टिकतो, त्यामुळे अर्ज सुरू करून कागद शोधत बसू नका.

नंबर लागतो कोणाला, यातही गल्लत होते. आपल्याकडे फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की लागतो. पण मोटार रिवाइंडिंगची मजुरीही घेत असाल तर मर्यादा २० लाखांचीच. एका पॅनवरच्या दोन दुकानांची उलाढाल एकत्र मोजतात. नुसत्या ताज्या संत्र्याचा व्यापार असेल तर नंबर लागत नाही, कारण त्यावर करच नाही. मात्र वरूडहून नळ्यांचं बंडल बिल करून पांढुर्ण्याला पाठवलं की राज्य बदललं, मग ४० लाखांचा हिशेब लागू होत नाही. नंबर आधी घ्यावाच लागतो. अशा धंद्याने कंपोझिशनही (छोट्या धंद्याला उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची योजना) निवडू नये, त्यात परराज्यात माल विकता येत नाही.

उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आणि गुमास्ता (दुकानाचा परवाना) म्हणजे जीएसटी नव्हे. ते दाखले वेगळे. "माह्याकडं उद्यम हाय नं भाऊ" असं सांगणारे बरेच भेटतात.

नंबर मिळाला की बँक खातं ३० दिवसांत किंवा पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं रिटर्न) भरायच्या आधी, जे आधी येईल तेव्हा, पोर्टलवर टाका. दुकानात प्रमाणपत्र लावा, पाटीवर नंबर लिहा. आणि विक्री शून्य असली तरी रिटर्न भराच. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दुकान मंद असतं, म्हणून एकाने रिटर्न सोडून दिलं. शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये दंड चढतो, आणि सलग सहा महिने भरलं नाही तर नंबर रद्द होऊ शकतो. शून्याचं जीएसटीआर-३बी (विक्री आणि कराचा गोषवारा देणारं रिटर्न) १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतं, त्यासाठी कोणाकडे जायची गरज नाही.