रक्त देताना चक्कर येते? मग अंग सैल सोडू नका

‘घाबरू नका, अंग एकदम सैल सोडा.’ पहिल्यांदा रक्त द्यायला गेलो तेव्हा मला हेच सांगितलं गेलं. मी सोडलं, आणि पिशवी अर्धी भरायच्या आत डोळ्यांपुढे अंधारी आली. सल्ला मायेचा होता, पण उलटा.

भीतीने आधी छाती धडधडते. मग व्हेगस हा मेंदूकडून हृदयाकडे जाणारा मज्जातंतू एकाएकी लगाम खेचतो, नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. आधीच सैलावलेल्याला आणखी सैल करून काय मिळणार? यात भित्रेपणाचा प्रश्नच नाही. धिप्पाड माणसंही आडवी होतात. पहिल्यांदा देणारे, तरुण आणि कमी वजनाचे यांना धोका जरा जास्त.

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, उपाशीपोटी जाऊ नका. सुई टोचण्याच्या साधारण पाव तास आधी अर्धा लिटर पाणी प्या. एवढं पाणी एकदम पोटात गेलं की रक्तदाबाला थोडा वेळ टेकू मिळतो.

आधी कधी चक्कर आली असेल तर नोंदणीच्या टेबलावरच सांगून टाका. तुम्हाला सपाट झोपवतील, लक्ष ठेवतील. सुईकडे आणि पिशवीकडे बघू नका. शेजारच्याच्या पिशवीकडे तर मुळीच नको.

आता मुख्य गोष्ट. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात रक्ताला घाबरणाऱ्यांसाठी स्नायू ताणण्याचं तंत्र शिकवायला सुरुवात केली. पाय घोट्यापाशी एकमेकांवर टाका. मांड्या, नितंब आणि पोट घट्ट आवळा. सुई असलेला हात मात्र निवांत राहू द्या. चेहऱ्यात ऊब जाणवेपर्यंत, म्हणजे १० ते १५ सेकंद धरा. मग ताण उतरू द्या, पण पार गळाठू नका. २०-३० सेकंद थांबून पुन्हा. रक्त ८-१० मिनिटं वाहतं, तोवर हे चालू ठेवा. घरी खुर्चीत बसून चार दिवस सराव केला तर तिथे आठवावं लागत नाही. श्वास रोखू नका आणि भराभर खोल श्वासही घेऊ नका. त्याने ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात आणि गरगरणं वाढतं. गप्पा मारत राहिलात की श्वास आपोआप ताळ्यावर राहतो.

जांभया येऊ लागल्या, कपाळावर गार घाम फुटला, मळमळलं, बोलणं लांबून ऐकू यायला लागलं, तर लगेच सांगा. रक्त घेणं थांबवून, सपाट झोपवून पाय वर घेतले की बहुतेकांना थोड्याच वेळात बरं वाटतं. शेजारी कुणी बेशुद्ध झालं तर त्याला उठवून बसवू नका, तोंडात पाणी घालू नका.

खरी इजा होते ती नंतर, उभं राहिल्यावर. म्हणून आधी उठून बसा, मग पाय खाली सोडा, मग उभे राहा. १५ मिनिटं तिथेच थांबा, काही खा-प्या. लघवीला जाताना आणि जिना उतरताना सोबत कुणी असू द्या. त्या दिवशी जड व्यायाम आणि दारू नको. वाटेत गरगरलं तर असाल तिथे जमिनीवर बसा, कपड्यांची काळजी करू नका. मी एकदा जिन्याच्या मधल्या पायरीवरच बसकण मारली होती. लोक ओलांडून गेले, एकीने पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली, आणि दहा मिनिटांनी कठडा धरून मी खाली उतरलो.