बारा तारांची गिटार: सेट विकत घेण्याआधीची तयारी

बारा तारांच्या गिटारसाठी तारा आणायला निघण्याआधी एक प्रश्न निकाली काढावा: गिटार कुठल्या पट्टीत लावणार? पातळ तारा की जाड, ही चर्चा त्यानंतरची. दुकानात नुसतं ‘लाइट द्या’ म्हटलं तर बहुतेक वेळा १०-४७ चा सेट हातात पडतो. बारा तारा सहा जोड्यांत असतात, आणि हे अंक तारांच्या जाडीचे, म्हणजे गेजचे. म्हणजे सर्वांत वरच्या सुराची पहिली जोडी इंचाच्या हजार भागांपैकी १० भाग जाड, पाव मिलिमीटरच्या जवळपास, आणि खर्जाची जाड तार ४७ भाग. एक्स्ट्रा लाइट ९-४५ चा असतो, मीडियम १२-५२ च्या आसपास. कंपनीगणिक एखादा अंक मागेपुढे होतो, त्याची काळजी नको.

पट्टी आधी का, तर ताण तारेच्या जाडीच्या वर्गाने वाढतो आणि सुराच्या कंपनसंख्येच्याही वर्गाने. पहिली तार १० ऐवजी ९ ची लावली की तिचा ताण १९ टक्क्यांनी उतरतो. तीच १० ची ठेवून गिटार ई ऐवजी डी पट्टीत, म्हणजे दोन फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या कडा) खाली लावली, तरी उतार साधारण तेवढाच, २० टक्क्यांच्या थोडा वर. थोडक्यात, ई मध्ये लावलेली ९ ची तार आणि डी मध्ये लावलेली १० ची तार बोटाला जवळजवळ सारखीच लागते. आवाज मात्र सारखा नसतो. डी मध्ये १० किंवा ११ चा सेट भरदार वाजतो, गायकाच्या गळ्यालाही सोयीचा पडतो, आणि मूळ पट्टी हवी असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चाप, लावता येतो. कॅपो मात्र चांगल्या दाबाचा हवा. जोडीतली जाड तार दाबली जाते आणि शेजारची पातळ मोकळी राहून कुरकुरते, हे स्वस्त कॅपोचं नेहमीचं दुखणं.

मीडियम सेट ई मध्ये लावायचा विचार असेल तर सरळ सोडून द्या. तो खाली उतरवलेल्या पट्टीसाठीच आहे असं माझं मत. अमेरिकन गिटारवादक लिओ कॉटकी आपली बारा तारांची गिटार सी शार्पमध्ये, तीन फ्रेट खाली लावतात, जाड तारा घालून. गणित करून पाहा: सी शार्पमधल्या १२ च्या तारेचा ताण ई मधल्या १० च्या तारेपेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी जास्त भरतो. जुन्या पिढीतले ब्लूज गायक लेड बेली तर त्याहून खाली उतरायचे, त्यांच्या स्टेला गिटारचा तो घुमणारा खर्ज त्यातूनच येतो. तसला आवाज डोक्यात असेल तर जाड तारा घ्या, पण पट्टी उतरवायची तयारी ठेवून.

आता गिटारची तब्येत. सहा तारांच्या गिटारवर १२-५३ चा लाइट सेट सगळा मिळून सत्तरेक किलोचा ताण देतो. बारा तारांचा १०-४७ चा सेट शंभर किलोच्या पुढे जातो. हा भार पेलायला गिल्डसारख्या कंपनीने आपल्या बारा तारांच्या गिटारींच्या मानेत दोन-दोन ट्रस रॉड, म्हणजे मान वाकू न देणाऱ्या सळ्या, घातले, ते उगाच नव्हे. म्हणून ब्रिजच्या (तारा जिथे फळीला बांधल्या जातात त्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या कडेखाली साधा कागद सरकतो का ते पाहा. सरकला तर ब्रिज उचलला जातोय, आणि गेजचा विचार राहू द्या, आधी कारागीर गाठा. ब्रिजमागे मोजपट्टी आडवी ठेवून गिटारच्या वरच्या फळीला किती पोट आलंय तेही बघा. थोडं पोट असतंच, पण ब्रिज पुढे कलला असेल आणि भोकाकडची फळी आत बसली असेल तर ९ चाच सेट घ्या किंवा कायमची डी पट्टी धरा. मानेसाठी जाड ई तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या फ्रेटवर तारेखालची फट पाहा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट पुरे. त्याहून मोठी असेल तर जाड तारा ती आणखी वाढवतील.

स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, तीही मोजून ठेवा: नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराची दुप्पट. साडेपंचवीस इंचांऐवजी पावणेपंचवीस इंच भरलं तर त्याच सेटचा ताण सहाएक टक्के कमी होतो, आणि तिथे १० चा सेट मजेत चालतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो तिसऱ्या जोडीतल्या वरच्या जी तारेला. इथेच घोडं पेंड खातं. अख्ख्या गिटारवर सर्वांत उंच सूर हिचा, पहिल्या ई जोडीपेक्षाही तीन फ्रेट वर, आणि सेटमध्ये ती फक्त ८ ची असते. तुटली की लोक म्हणतात, ‘फार पातळ आहे, ९ ची घालू.’ त्याने फारसं काही साधत नाही. साध्या पोलादी तारेत दर चौरस मिलिमीटरवर पडणारा ताण सूर आणि लांबी ठरवतात, जाडी नाही. तार जाड केली की ती जास्त वजन पेलते, पण त्या सुरापर्यंत यायला तितकंच जास्त वजन मागतेही. तिला आराम द्यायचा तर पट्टी उतरवणं हाच उपाय, नाहीतर ती जिथे घासते त्या जागा गुळगुळीत करणं. तुटलेली तार फेकण्याआधी कुठे तुटली ते पाहा. खुंटीच्या दांड्याशी, नटच्या खाचेत की सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या हाडाच्या पट्टीवर? जागा नेहमी तीच असेल तर तिथे धार आहे. नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून पाहा. सॅडलची धार बारीक पॉलिश पेपरने हलकेच मोडता येते. ८ च्या दोन-तीन सुट्या तारा मात्र सेटबरोबरच घ्या, आणि शक्य असेल तर मोठ्या शहरातून, कारण गावातल्या दुकानात ९ च्या खाली सुटी तार मिळेलच असं नाही.

गेज बदलणार असाल तर नटच्या खाचा आधी तपासा. ४७ साठी कोरलेल्या खाचेत ५२ ची तार अडकते आणि सुरात आणताना ‘टिंग’ करून उडी मारते. उलट दिशेने, जाडावरून पातळावर येताना, तार खाचेत डुलते आणि भुणभुणते. जोडीतल्या दोन्ही तारांचा माथा एका पातळीत हवा, नाहीतर बोट जाड तारेवर टेकतं आणि तिची पातळ सोबतीण नीट दाबलीच जात नाही. जोडीचा क्रमही ठरवून ठेवा. बहुतेक गिटारींवर वरून खाली वाजवताना पातळ तार आधी लागते. रिकनबॅकर कंपनीच्या गिटारींवर जाड आधी, पातळ मागून, आणि त्या गिटारीच्या आवाजातला फरक बराचसा याच अदलाबदलीचा. नट त्या क्रमाने कोरलेला नसेल तर हा प्रयोग करू नका.

तारांचा धातू फॉस्फर ब्राँझ की ८०/२० ब्राँझ, हा आवडीचा मामला. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी कोटेड (गंज टाळणारा थर दिलेल्या) तारांचे जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत. बारा तारा बदलणं हे अर्ध्या दुपारचं काम आहे आणि मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात साध्या तारांना लवकर गंज धरतो. त्याच हवेने फळी फुगते, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर चढते आणि बोटांना वाटतं की तारा जाड झाल्या. जुलैत गेज कमी करण्याआधी बाराव्या फ्रेटवरची उंची मोजा. एरवी दोन मिलिमीटरच्या जरा वर असणारी तीनकडे गेली असेल तर दोष तारांचा नाही.

बसवायच्या दिवशी वाइंडर (खुंट्या फिरवायचं हँडल), कटर, ट्यूनर आणि ट्रस रॉडची चावी हाताशी घ्या. मी तारा जोडीजोडीने बदलतो. सगळ्या एकदम काढल्याने गिटारचं काही बिघडत नाही, पण कुठली तार कुठल्या खुंटीवर हा घोळ टळतो. आधी सगळ्या एक स्वर खाली लावा, मग जाड तारांपासून सुरुवात करून हळूहळू वर चढवा, आणि ती ८ ची जी सर्वांत शेवटी. गेज बदललं असेल तर दुसऱ्या दिवशी मानेची फट पुन्हा पाहा. ट्रस रॉड फिरवावा लागलाच तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि त्याआधी तारा थोड्या सैल करून.