सॅव्हेजची बॅरल घरी बदलताना हेडस्पेस कशी सेट करायची

दोन वर्षांपूर्वी इथे टेक्सासमध्ये सॅव्हेज कंपनीची एक जुनी .३०८ काडतुसाची रायफल विकत घेतली, दुकानदार म्हणाला बॅरल नवीन आहे, आधीच्या मालकाने स्वतः बसवलीय. रेंजवर वीस गोळ्या मारल्या, ग्रुप छान आला (गोळ्या जवळजवळ लागल्या), म्हणून खुशीत घरी आलो. संध्याकाळी काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसेस पुसताना दिसलं की प्रत्येक केसच्या बुडापासून साधारण बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या अंतरावर एक चकचकीत कडं आलंय. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक थोडं वाकवलं आणि केसच्या आतून खालपासून वर ओढत आणलं तर बरोबर त्या कड्यापाशी टोक खळग्यात अडकलं. म्हणजे पितळ तिथे आतून पातळ झालं होतं. अजून एक-दोनदा तीच केस भरून मारली असती तर तिथूनच तुटली असती, आणि .३०८ मध्ये ६२,००० पीएसआयपर्यंत प्रेशर असतं, तो गॅस मागे बोल्टकडे (काडतुसाच्या मागे बसणारा दांडा) म्हणजे माझ्या तोंडाकडे आला असता. दुसऱ्या दिवशी हेडस्पेस मोजायचे गेज मागवले, नो-गो गेज, ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये, तो घातला तर बोल्ट आरामात बंद. तेव्हापासून मी दुसऱ्याने बसवलेली बॅरल गेज लावल्याशिवाय वापरत नाही आणि स्वतः बसवलेली तर नाहीच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, इथे सिरियल नंबरवाला रिसीव्हर (ज्यात बोल्ट बसतो तो मधला भाग) म्हणजे बंदूक, बॅरल नुसता पार्ट म्हणून मिळते आणि आपल्या रायफलची बॅरल आपण बदलू शकतो, फक्त रायफलची बॅरल १६ इंचापेक्षा कमी नको. भारतात १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली बंदूक रिपेअर करायला, टेस्ट करायलासुद्धा वेगळं लायसन्स लागतं, नुसतं बंदूक बाळगायचं लायसन्स पुरत नाही, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या शूटर मंडळींनी हे वाचावं समजून घ्यायला, काम मात्र लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्यावं.

हेडस्पेस म्हणजे काय, तर बोल्ट बंद केल्यावर बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर. .३०८ सारखं काडतूस खांद्यावर, म्हणजे केस जिथे निमुळती होते तिथे, अडतं. .३०-३० किंवा .३०३ रिमवर (बुडाच्या कडेवर) अडतं, .३०० विन मॅगला त्यासाठी बुडाजवळ बेल्ट (पट्टा) दिलेला आहे. .३०८ चा गो गेज १.६३० इंच आणि नो-गो १.६३४. गो आणि नो-गोमध्ये फक्त चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारावे भाग, साधारण एका साध्या कागदाची जाडी. एमआयडीसीत मशीनवर काम केलेल्याला गो - नो गो समजवायला नको, प्लग गेजचं जे तत्त्व तेच इथे, गोवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, नो-गोवर बंद होता कामा नये, बस.

अंतर जास्त असलं तर काय होतं ते नीट समजून घ्या. फायरिंग पिन काडतुसाला पुढे ढकलते, प्रेशर आलं की केसच्या भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात, पण बूड मोकळं असतं ते मागे बोल्टवर जाऊन आदळतं, मग मधलं पितळ ताणलं जातं, तेच ते चकचकीत कडं. कमी असलं तर बोल्ट बंदच होत नाही किंवा जोर लावून बंद होतो. दोन्हीपैकी पहिलं धोक्याचं आहे कारण ते हाताला कळत नाही, बोल्ट अगदी सहज बंद होतो.

सॅव्हेज का सोपी? १९५८ मध्ये आलेल्या मॉडेल ११० पासून त्यांची बॅरल तिच्यावर कापलेल्या खांद्याला टेकून घट्ट होत नाही, वेगळ्या बॅरल नटने लॉक होते. बॅरल आत-बाहेर फिरवायची, हवी तिथे थांबवायची, नट आवळायचा. रेमिंग्टन ७०० च्या मूळ बॅरलला खांदा असतो, तिथे लेथवर कट घेऊन अंतर जुळवावं लागतं, ते गॅरेजमधलं काम नाही.

सामान: बॅरल व्हाइस (ॲल्युमिनियम किंवा लाकडी ठोकळ्यांचं), ॲक्शन रेंच (ॲक्शन म्हणजे रिसीव्हर धरायचा पाना), सॅव्हेज बॅरल नटचा पाना, टॉर्क रेंच, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस, पेन्सिल, पारदर्शक टेप, मायक्रोमीटर आणि गो, नो-गो गेज. गेजवर पैसे वाचवू नका, आणि दोन्ही एकाच कंपनीचे घ्या. .२४३, .२६०, ७ एमएम-०८ ही .३०८ चीच भावंडं, खांद्याचं माप तेच, त्यामुळे तोच गेज चालतो. ६.५ क्रीडमूरला चालत नाही, तिचा वेगळा घ्यावा लागतो. फॅक्टरीचं काडतूस गेज म्हणून वापरा असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. फॅक्टरी काडतूस त्याच्या कमाल मापापेक्षा ७ थाऊपर्यंत आखूड असू शकतं, त्यावर सेट केलं तर तुमचं चेंबर कुठे आलं हे कळणारच नाही.

सुरुवात करायच्या आधी बंदूक रिकामी आहे ना बघा, चेंबरमध्ये बोट घालून बघा, गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. मग स्टॉक काढा.

आता बोल्ट. लोक हे काम टाळतात आणि तिथेच फसतात. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (केस ओढणारा) आणि इजेक्टर (केस बाहेर फेकणारा) तिन्ही काढा. फायरिंग पिनची स्प्रिंग कॉक होताना हँडलला जो जोर लागतो त्यात गेजचा स्पर्श झाकून जातो, इजेक्टर गेजला एका बाजूला ढकलतो, मग हाताला काय वाटतंय त्याला अर्थ उरत नाही. मागचा मोठा स्क्रू सोडवून फायरिंग पिन बाहेर काढा, हँडल परत बसवा. पिन काढल्यावर बोल्ट हेड धरून ठेवणारी आडवी खीळ मोकळी होते, ती पडू देऊ नका. एक्स्ट्रॅक्टरच्या खाली स्प्रिंग आणि तिच्यावर एक छोटी स्टीलची गोळी असते, मोहरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. एक्स्ट्रॅक्टर बाजूला सरकला की ती उडते. बोल्ट हेड पारदर्शक पिशवीत घालून, पिशवीच्या बाहेरून धरून काढा. पहिल्या वेळी मी पिशवी घेतली नव्हती, ती गोळी मला तासाभराने चुंबक फिरवून कपाटाखाली सापडली.

जुनी बॅरल काढताना फॅक्टरीचा नट फार घट्ट असतो. आदल्या रात्री आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा. बॅरल व्हाइसमध्ये धरा, मझलकडून (नळीच्या पुढच्या तोंडाकडून) बघितलं तर नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पान्यावर रबरी हातोड्याचा एक नेमका ठोका, सावकाश दाबत राहण्यापेक्षा बरा. नट सुटला की बॅरल हाताने निघते. रिकॉइल लग (नट आणि रिसीव्हरमधली धक्का घेणारी पट्टी) कुठल्या बाजूने होता त्याचा फोटो काढून ठेवा.

रिसीव्हरचे आटे आणि तोंड ब्रशने साफ करा, जुनं ग्रीस, पितळाचा चुरा सगळं काढा, नवीन बॅरलचं चेंबर कोरड्या कपड्याने पुसा. चेंबरमध्ये एक छोटा कण राहिला तरी गेज तिथे अडतो आणि अख्खं सेटिंग खोटं पडतं. आट्यांना अँटी-सीझ, थोडंसं, चेंबरच्या तोंडाला लागू देऊ नका.

आता मुख्य भाग. बॅरलवर नट पूर्ण मझलच्या दिशेने चढवा, मग रिकॉइल लग, मग बॅरल रिसीव्हरमध्ये चार-पाच आटे घाला. गो गेज चेंबरमध्ये टाका, बोल्ट पूर्ण बंद करा, हँडल खाली. आता बॅरल हाताने आत फिरवत जा, गेजला टेकेपर्यंत, टेकली की थांबा, जोर नको. नट हाताने आवळा, लग बरोबर खालच्या बाजूला आहे ना बघा. बोल्ट उघडून बंद करून बघा, हँडल आपल्या वजनाने किंवा अगदी बोटाने खाली यायला पाहिजे, शेवटी किंचित स्पर्श जाणवला तर उत्तम.

सॅव्हेजचे आटे इंचाला २०, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात ५० थाऊ, एक थाऊ म्हणजे ७.२ अंश. घड्याळाचा तासकाटा बारावरून एकवर जातो तेवढ्या फिरण्यात तुम्ही गोवरून नो-गोवर पोचता. एवढंसं फिरणं नट आवळताना न कळत होऊन जातं, आणि ते कुठल्या दिशेने होईल हे तुम्ही काय धरलंय त्यावर ठरतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. बॅरल व्हाइसमध्ये धरून नट आवळला तर नट रिसीव्हरला आपल्याबरोबर ओढतो, म्हणजे बॅरल बाहेर यायला लागते, हेडस्पेस वाढते. ॲक्शन धरून नट आवळला तर नट बॅरलला ओढतो, ती आत जाते, हेडस्पेस कमी होते. म्हणून मी शेवटचं आवळताना ॲक्शन रेंचने ॲक्शन धरतो, चूक झालीच तर कमी बाजूला होते आणि ती लगेच कळते कारण गोवर बोल्ट बंद होत नाही.

म्हणून टॉर्क द्यायच्या आधी रिसीव्हरपासून बॅरलपर्यंत एक सरळ पेन्सिलची रेघ मारा. सॅव्हेजच्या नेहमीच्या बॅरलचा मागचा भाग साधारण १.०६ इंचाचा, त्या परिघावर एक थाऊ म्हणजे साधारण १.७ मिलिमीटर. आवळल्यावर रिसीव्हरवरची रेघ आणि बॅरलवरची रेघ किती सरकली ते डोळ्याने दिसतं, पावणेदोन मिलिमीटर सरकली की एक थाऊ गेला समजा. गेज काढून घ्या आणि नट आवळा, बॅरल बनवणाऱ्याने टॉर्क दिला असेल तर तोच, मी ४० ते ५० फूट-पाउंडवर थांबतो.

मग परत गेज. गो टाका, बंद व्हायला पाहिजे. नो-गो टाका, हँडल अर्ध्यात अडायला पाहिजे, तिथे जोर लावू नका, गेजही खराब होईल आणि चेंबरही. नो-गोवर बंद झाला किंवा गोवर नाही झाला तर नट सोडा आणि पहिल्यापासून. मला एकदा चार वेळा करावं लागलं, चौथ्यांदा रेघ हललीच नाही. ‘थोडंसंच जास्त आहे, चालेल’ असं इथे नसतं.

अजून बारीक बघायचं असेल तर गो गेजच्या बुडाला पारदर्शक टेपचा एक तुकडा लावा, कडा ब्लेडने नीट कापा. टेप साधारण दोन थाऊ असते पण आपली टेप मायक्रोमीटरने मोजून घ्या. एका थराने बोल्ट अडला म्हणजे तुम्ही गोच्या दोन थाऊंच्या आत आहात, मी त्यावरच समाधान मानतो. सॅव्हेजचं बोल्ट हेड थोडं हलतं, त्याच्यामागे स्प्रिंगवाली वॉशर असते, म्हणून गेज तपासताना प्रत्येक वेळी बोल्ट एकाच पद्धतीने, हळू बंद करा.

बोल्ट परत जोडा, एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर, फायरिंग पिन, आणि रिकाम्या केसवर बघा की केस ओढून बाहेर फेकली जातेय. पहिल्यांदाच करत असाल तर रेंजवर जायच्या आधी एखाद्या गनस्मिथकडून त्याच्या गेजने तपासून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या गोळ्या नवीन फॅक्टरीच्या, स्वतः भरलेल्या नाहीत. गॉगल घालून आणि कान झाकून, एकेक गोळी. प्रत्येक केस हातात घेऊन बघा: प्रायमर (बुडातली पेटवणारी टिकली) बाहेर आलाय का, कडं दिसतंय का, पेपरक्लिप आत अडकते का. यातलं काहीही दिसलं तर तिथेच थांबा. वीसेक गोळ्यांनंतर घरी येऊन बोल्टमधले भाग परत काढा, पुन्हा गो, पुन्हा नो-गो, आणि सगळं बरोबर आलं की नटपासून रिसीव्हरपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवा. ती रेघ तुटलेली दिसली की रायफल कपाटातच राहील, गेज लागेपर्यंत.