परदेशातलं परवडणारं विद्यापीठ कसं निवडावं

परदेशी शिक्षणाच्या शोधाला बसलं की तासाभरातच याद्या सापडतात: अमुक देशात फी शून्य, तमुक देशात नाममात्र. या याद्या खोट्या नसतात, पण अर्धवट असतात आणि बऱ्याचदा शिळ्याही. फी हा खर्चाचा एक रकाना झाला. कित्येक शहरांत तो सर्वांत मोठा रकानाही नसतो. निवड करायची ती पदवी हातात पडेपर्यंत एकूण किती पैसे लागणार, या आकड्यावर. तो कसा काढायचा आणि त्यावरून विद्यापीठं कशी गाळायची, ते पुढे पाहू.

पायरी १: विद्यापीठाआधी स्वतःचा आकडा

दोन रकमा कागदावर लिहा. पहिली, संपूर्ण अभ्यासक्रमासाठी घरचे पैसे आणि कर्ज मिळून जास्तीत जास्त किती उभे राहतील. दुसरी, निघण्यापूर्वी रोख किती दाखवता किंवा भरता येईल. बहुतेक जण पहिलीचाच विचार करतात आणि अडकतात ते दुसरीपाशी. कर्ज काढणार असाल तर महिन्याचा हप्ता किती येईल, हेही आत्ताच पाहा. एकूण रकमेतला दहाएक टक्के भाग चलनाच्या चढउतारासाठी बाजूला ठेवावा, असं माझं मत. दोन वर्षांत विनिमय दर जागचा हलणार नाही असं गृहीत धरणं धाडसाचं आहे.

पायरी २: फी आकारण्याची पद्धत समजून घ्या

देशांची नावं पाठ करण्यापेक्षा तिथे फी कशी ठरते हे कळलं की अर्धं काम होतं.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिकवणी फी घेत नाहीत. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ३५० युरोंचं शुल्क असतं आणि त्यात अनेकदा बस-रेल्वेचा पास येतो. पण ‘जर्मनीत फुकट’ हे सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली असून ती अभ्यासक्रमानुसार सेमिस्टरला २,००० ते ६,००० युरो आहे. जर्मनीतली खासगी विद्यापीठं तर या सगळ्याच्या बाहेर. ती स्वतःची फी स्वतः ठरवतात. जाहिराती मात्र अशा बेताने लिहिलेल्या असतात, की वाचणाऱ्याला देशाचा लौकिक आणि त्या कॉलेजची फी यांतला फरक कळू नये.

ऑस्ट्रियाचा हिशेब सरळ आहे: सरकारी विद्यापीठांत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला ७२६.७२ युरो. फ्रान्सने २०१९ मध्ये युरोपबाहेरच्यांसाठी वेगळी, चढी फी आणली. तेव्हा ती वर्षाला पदवीसाठी २,७७० आणि मास्टर्ससाठी ३,७७० युरो होती, नंतर थोडी वाढली. पण अनेक विद्यापीठांनी यात पूर्ण किंवा काही प्रमाणात सवलत दिली, त्यामुळे एकाच देशातल्या दोन सरकारी विद्यापीठांची फी वेगळी निघू शकते. सवलत आहे का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पीएचडीला ही चढी फी लागू नाही.

इटलीकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून ठरते. परदेशी कुटुंबांसाठी ‘इझे पारिफिकातो’ नावाचा दाखला काढावा लागतो. उत्पन्न कमी असेल तर फी जवळपास माफ होते आणि प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळाली तर राहण्या-जेवणाचाही मोठा भाग सुटतो. मात्र उत्पन्नाची कागदपत्रं भाषांतरित आणि प्रमाणित करून मुदतीत द्यावी लागतात. हे काम किचकट आहे, आळस केला की सवलत गेली. काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांसाठी देशनिहाय ठरावीक फी ठेवतात, तिथे हा दाखला लागत नाही.

चेक प्रजासत्ताकात भाषेवर सगळं अवलंबून आहे: सरकारी विद्यापीठात चेक भाषेतून शिकलात तर कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला शिकवणी फी नाही, इंग्रजीतून शिकलात तर आहे. वर्षभर भाषा शिकण्याची तयारी असेल तर हा विचार करण्याजोगा मार्ग आहे, नसेल तर स्वतःची फसवणूक करू नका. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशशुल्क एकदाच २,८२,००० येन. प्रमाण फीच्या वर विद्यापीठांना वाढ करता येते आणि टोकियो विद्यापीठाने ती २०२५ मध्ये २० टक्क्यांची केलीही.

अमेरिकेत छापील फी पाहून पान बंद करू नये. तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्याला फीमाफी आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून मानधन मिळणं नेहमीचं आहे. पदवीसाठी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि मग गरजेइतकी मदत देतात. प्रवेश मिळणं अवघड, ते वेगळं. सर्वांत महाग ठरतं ते अमेरिकेतलं मदतीविनाचं मास्टर्स.

याद्या शिळ्या का होतात, याचं उत्तर उत्तर युरोपात आहे. स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. जुना लेख वाचून नॉर्वेचा बेत आखणारे आजही भेटतात.

पायरी ३: पूर्ण खर्चाचा तक्ता

एका विद्यापीठाला एक ओळ. रकाने असे: संपूर्ण अभ्यासक्रमाची फी, सेमिस्टर शुल्क, घरभाडं, जेवण, आरोग्यविमा, प्रवास, व्हिसा आणि परवाना, अर्जाचं शुल्क, विमानभाडं, घराचं डिपॉझिट. महिन्याचे आकडे अभ्यासक्रमाच्या महिन्यांनी गुणा. सुट्टीतही भाडं चालूच असतं, म्हणून वर्षाचे महिने बाराच धरायचे.

एक काल्पनिक हिशेब पाहा. ‘अ’ शहरात फी शून्य, पण राहण्या-जेवणाला महिन्याला १,१०० युरो. चोवीस महिन्यांचे झाले २६,४००. ‘ब’ शहरात फी वर्षाला २,०००, पण राहणं ७५० मध्ये. फीचे ४,००० आणि राहण्याचे १८,००० मिळून २२,०००. फुकटचं विद्यापीठ ४,४०० युरोंनी महाग पडलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हा. म्हणून राजधानीच्या आणि नावाजलेल्या शहरांच्या बरोबरीने त्याच देशातली मध्यम गावं तक्त्यात हवीतच.

अभ्यासक्रमाची लांबी हा या तक्त्यातला सर्वांत कमी लेखला जाणारा आकडा. ब्रिटनमधलं मास्टर्स सहसा एका वर्षाचं असतं, युरोपात इतरत्र बहुधा दोन वर्षांचं. फी जास्त असूनही एका वर्षाचं भाडं वाचल्याने कधीकधी दोन्ही आकडे जवळ येतात. उलट बाजूही आहे: जर्मनीत चार सेमिस्टरचा अभ्यासक्रम पाच किंवा सहा सेमिस्टर घेणारे विद्यार्थी भरपूर असतात. तक्त्यात एक जादा सेमिस्टर धरूनही बेरीज करून पाहा.

आता ती दुसरी रक्कम, निघण्यापूर्वीची. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरणं हा रुळलेला मार्ग आहे. हा खर्च नाही, ते तुमचेच पैसे आहेत आणि दरमहा परत मिळतात, पण एकरकमी उभे करावे लागतात. ब्रिटनमध्ये राहण्याखाण्याची रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. शिवाय विद्यार्थ्यासाठी वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या वेळीच संपूर्ण मुदतीसाठी भरावा लागतो, आणि व्हिसा मिळाला की तो सहसा परत मिळत नाही. हे आकडे सरकारं बदलत असतात. अर्जाच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

पायरी ४: नोकरीच्या रकान्यात शून्य

जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, जपानमध्ये परवानगी काढून आठवड्याला २८ तास, अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. कायदा परवानगी देतो, काम देत नाही. पहिल्या सेमिस्टरला भाषा, परीक्षा आणि घर शोधणं यांतच जीव मेटाकुटीला येतो. तक्ता कमाईशिवाय जमत नसेल तर ते विद्यापीठ तुम्हाला परवडत नाही, इतकं स्पष्ट बोलावं लागेल.

पायरी ५: शिष्यवृत्ती, पण अटींसकट

पूर्ण खर्च उचलणाऱ्या योजना थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस मास्टर्स शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो देते आणि शिकवणी फी घेत नाही. जर्मनीची डाड (DAAD), जपान सरकारची मेक्स्ट (MEXT), हंगेरीची स्टिपेंडियम हंगारिकुम आणि तुर्कीची तुर्किये बुर्सलारी यांची माहिती त्यांच्या अधिकृत पानांवर मिळते. यांतल्या बऱ्याच योजनांचे अर्ज सत्र सुरू होण्याच्या आठ-दहा महिने आधी किंवा त्याहूनही लवकर बंद होतात. प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती शोधू म्हणणाऱ्याच्या हाती फार काही उरत नाही.

विद्यापीठ स्वतःहून ‘स्कॉलरशिप’ म्हणून जे देऊ करतं, त्यातलं पुष्कळ म्हणजे फुगवलेल्या फीवरची सूट असते. तीस टक्के सूट ऐकून भारावून न जाता सूट वजा जाता उरलेला आकडा तक्त्यात लिहा. ती फक्त पहिल्या वर्षापुरती आहे का, आणि गुण किती खाली आले की बंद होते, हे लेखी विचारा.

पायरी ६: मान्यता तपासा

स्वस्त आणि बिनमान्यतेची पदवी ही सर्वांत महाग खरेदी. युनेस्कोच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघटना चालवत असलेल्या ‘वर्ल्ड हायर एज्युकेशन डेटाबेस’मध्ये संस्थेचं नाव शोधा. परदेशी संस्था आणि पदव्यांची जर्मनीने ठेवलेली अनाबिन (anabin) ही नोंदसूचीही उपयोगी आहे. वैद्यक, कायदा, वास्तुकला, शिक्षकी अशा परवाना लागणाऱ्या पेशांत एवढ्यावर भागत नाही. जिथे पुढे काम करायचं त्या देशातल्या नियामक संस्थेला ती पदवी चालते का, हे अर्जाआधी तिच्याकडूनच जाणून घ्या.

सल्लागाराकडे जाण्यात गैर काही नाही. त्याला कमिशन कोण देतं, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारा. फी न घेणारी सरकारी विद्यापीठं सहसा एजंटांना पैसे देत नाहीत, त्यामुळे त्यांची नावं फुकट सल्ला देणाऱ्याच्या तोंडी फारशी येत नाहीत.

पायरी ७: यादी पाच-सहावर आणा आणि पत्र लिहा

अर्जालाही पैसे पडतात. जर्मनीतली अनेक विद्यापीठं ज्या ‘युनि-असिस्ट’मार्फत अर्ज घेतात, तिथे पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. वीस ठिकाणी अर्ज टाकणं ही हुशारी नव्हे. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मागितल्यावर अर्जशुल्क माफ करतात, तेव्हा मागायला लाजू नका.

उरलेल्या विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला छोटा ईमेल पाठवा. प्रश्न इतकेच: माझ्या शिक्षणादरम्यान फी वाढू शकते का, की प्रवेशाच्या वेळची कायम राहते? हॉस्टेलमध्ये जागा नक्की मिळते की प्रतीक्षायादी असते, आणि ती साधारण किती महिन्यांची? फी हप्त्यांत भरता येते का? व्हिसा नाकारला गेला तर भरलेली रक्कम किती आणि कधी परत मिळते? उत्तर किती स्पष्ट येतं, यावरूनही विद्यापीठ कळतं.

ऑफर हाती आल्यावर तक्ता पुन्हा उघडा आणि अंदाजाच्या जागी ऑफरपत्रातले खरे आकडे घाला. क्रम बदलण्याची शक्यता भरपूर असते. जागा राखण्यासाठी डिपॉझिट मागितलं असेल तर परताव्याचे नियम लेखी मिळेपर्यंत ते भरू नका. मुदत जवळ आली असेल तर ती आठवडाभर वाढवून मागा, बरीच विद्यापीठं ती देतात.