रात्री दोन वाजता छातीत जळजळ झाली तर

मी वाशीत एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. नाइटला हमखास कुणीतरी म्हणतं, "सिस्टर, पॅन-४० चं इंजेक्शन मारा, लगेच थांबेल." लगेच नाही थांबत. त्यातलं औषध, पँटोप्राझोल, नवीन ॲसिड बनणं कमी करतं. पोटात आधीच असलेलं तसंच राहतं. गोळीचा पुरता गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. पोटभर जेवून घेतली तर तिचा जोर कमी पडतो.

आत्ता जळतंय? मग पातळ अँटासिड. बाटली नीट हलवा. तळाशी बसलेला साका हेच औषध; न हलवता ओतलं तर वरचं गुलाबी पाणीच पोटात जातं. काही मिनिटांत आराम पडतो, पण रिकाम्या पोटी तो तासाभरही टिकत नाही. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर हवं.

उशिरा जेवून आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येत असेल, तर फॅमोटिडीन ही ॲसिड कमी करणारी गोळी मला जास्त बरी वाटते. अर्ध्या-एक तासात लागू पडते, रात्र निघते. रोज घेतली तर मात्र तिचा असर कमी होत जातो.

आता माझ्या जिवाला लागलेली गोष्ट. गेल्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या मार्केटमधले एक माथाडी काका पहाटे चालत आले. बेंबीच्या वर दाबल्यासारखं होत होतं, कपाळावर घाम. घरून अँटासिड पिऊन आलेले, बनियनवर गुलाबी थेंब. "बरं वाटतंय ताई, जातो," म्हणाले. मी हात धरून बसवलं, ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता, हृदयाच्या खालच्या भागाचा. तो कधीकधी असाच पोटात दुखतो.

अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं होत नाही. घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा साखरेचा आजार असताना अचानक असं दुखणं: १०८ ला फोन करा, आल्याआल्या दहा मिनिटांत ईसीजी मागा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तरी घरी थांबू नका. घेतलेल्या गोळ्यांची स्ट्रिप बरोबर आणा आणि किती वाजता घेतली ते सांगा. आम्ही पहिलं तेच विचारतो.